ठकांच्या गोष्टींतील ‘लॉ’

माणसांना जसें चरित्र असतें तसें शब्दांनाहि असतें. कांहीं शब्द जन्मभर एकाच घरांत राहतात. कांहीं मात्र गांवोगांव हिंडतात, थोरांच्या पंक्तीला बसतात आणि चोरांच्या अड्ड्यावरहि जातात. इंग्रजी भाषेंतील ‘लॉ’ हा शब्द या दुसऱ्या प्रकारचा आहे. ‘लॉ’ म्हणजे कायदा, हा अर्थ शाळकरी मुलालाहि ठाऊक असतो. न्यायाधीश, वकील, पोलीस आणि तुरुंग हीं चार चित्रें त्या शब्दाबरोबर डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लंडनच्या दुकानांतून ज्या ठकांच्या गोष्टींच्या लहान लहान पुस्तिका खपत, त्या उघडल्या म्हणजे वाचक चक्रावून जातो. तेथें खिसा कापणें हा एक ‘लॉ’ आहे, घोडा चोरणें हा दुसरा ‘लॉ’ आहे, आणि राजरस्त्यावर वाटमारी करणारा दरोडेखोर चक्क ‘हाय लॉयर’ आहे! कायद्याचें नांव कायदा मोडणारांच्या धंद्याला कसें लागलें, आणि तें लागल्यामुळें कोणाचा लाभ व कोणाची हानि झाली, हें पाहण्यासारखें आहे.

मुळांत हा शब्द इंग्रजांचा नव्हे. नवव्या शतकांत डेन लोक इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत येऊन स्थायिक झाले, त्यांच्या भाषेंतून तो आला. ‘घालून दिलेलें, मांडून ठेवलेलें’ हा त्याचा धात्वर्थ. ज्या प्रदेशांत डेन लोकांची वहिवाट चाले त्या प्रदेशालाच ‘डेनलॉ’ असें नांव पडलें. म्हणजे ‘लॉ’ ही केवळ राजाची आज्ञा नव्हती. एखाद्या समाजांत जी रीत घालून दिलेली असेल ती त्या समाजाचा ‘लॉ’. हा व्यापक अर्थ ध्यानांत ठेवला तर पुढच्या गोष्टींचा उलगडा सोपा होतो.

या व्यापक अर्थाच्या फांद्या पुष्कळ फुटल्या. विवाहामुळें जडलेल्या नात्यांना इंग्रजींत ‘इन्-लॉ’ हें शेपूट लागतें. आज ‘मदर-इन्-लॉ’ म्हणजे सासू. पण त्या काळीं सावत्र आईलाहि हाच शब्द लावीत. शेक्सपियरच्या ‘रिचर्ड तिसरा’ या नाटकांत स्टॅन्ले हा रिचमंडचा सावत्र बाप आहे, आणि त्याला ‘फादर-इन्-लॉ’ म्हणून संबोधिलें आहे. ही प्रथा फार काळ टिकली. १८३६-३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या डिकन्सच्या ‘पिक्विक पेपर्स’मधला सॅम वेलर आपल्या सावत्र आईला ‘मदर-इन्-लॉ’च म्हणतो.

शिकारींत या शब्दाला आणखी वेगळा अर्थ होता. सशामागें कुत्रे सोडण्यापूर्वीं त्याला कांहीं अंतर पुढें पळूं द्यावयाचें, या सवलतीला ‘लॉ’ देणें म्हणत. एलिझाबेथ राणीच्या काळांतले जे शिकारीचे नियम सांगितले जातात, त्यांत सशाला २४० वारांचा ‘लॉ’ द्यावा असें आहे. येथें ‘लॉ’ म्हणजे दुबळ्याला दिलेली सवड. कुत्रे जोडीनें येणार, ससा एकटा. तेव्हां त्याला निदान जीव वांचविण्याची संधि तरी मिळावी, ही त्यामागची कल्पना. या २४० वारांचा विसर पडूं देतां कामा नये, कारण पुढच्या गोष्टींत एक निराळाच ससा भेटावयाचा आहे.

चोरांनाहि आपला नियम असतो ही कल्पना इंग्रजी गोष्टींत जुनीच होती. सोळाव्या शतकाच्या आरंभीं छापून निघालेल्या रॉबिन हूडच्या काव्यकथेंत तो आपल्या सोबत्यांना प्रारंभींच आज्ञा देतो. नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याला हात लावावयाचा नाहीं. भल्या गृहस्थाला त्रास द्यावयाचा नाहीं. बिशप, आर्चबिशप आणि नॉटिंगहॅमचा शेरीफ यांना मात्र सोडावयाचें नाहीं. रॉबिन हा ‘आउट्-लॉ’, म्हणजे कायद्याच्या छत्राबाहेर टाकलेला माणूस. अशा माणसाला राजाच्या कायद्याचें संरक्षण नसे. तरीहि त्याच्या रानांत एक नियम चाले, आणि त्या नियमाचें पहिलें कलम शेतकऱ्याच्या रक्षणाचें होतें. वाचकांना तो आवडला याचें कारणहि हेंच. राजाचा ‘लॉ’ श्रीमंतांच्या बाजूचा आणि रानांतला ‘लॉ’ गरिबांच्या बाजूचा, असा त्या गोष्टींतला सरळ हिशेब होता.

शतकाच्या मध्यास हा हिशेब उलटा झाला. १५५२ सालीं फाशांच्या खेळांतील लबाड्या उघड करणारी एक पुस्तिका निघाली. तिचें कर्तृत्व सामान्यतः गिल्बर्ट वॉकर याजकडे देतात. एक भोळा तरुण व एक अनुभवी गृहस्थ यांच्या संवादाच्या रूपानें ती लिहिली आहे. आंत शिसें भरलेले फासे, हव्या त्या बाजूवर पडणारे फासे, त्यांची नांवें, ते फेंकण्याच्या युक्त्या, सर्व कांहीं तींत आहे. त्याच पुस्तिकेंत प्रथम ठकांच्या निरनिराळ्या धंद्यांना ‘लॉ’ हें नांव दिलेलें आढळतें. फाशांची लबाडी म्हणजे ‘चीटिंग लॉ’, खिसे कापणें म्हणजे ‘फिगिंग लॉ’, वाटमारी म्हणजे ‘हाय लॉ’.

यांतील ‘चीटिंग’ या शब्दाची हकीकत तर मोठी मौजेची आहे. जमीनदाराच्या हद्दींत सांपडलेलें बेवारशी जनावर, हरवलेला माल किंवा वारस नसलेली जमीन जमीनदाराकडे जमा होई. वकिलांच्या भाषेंत या रीतीला ‘एस्चीट’ म्हणत. राजाच्या वतीनें अशी मालमत्ता जमा करणारा अधिकारी तो ‘एस्चीटर’. ठकांनीं आपल्या कमाईला तेंच नांव घेतलें, अशी व्युत्पत्ति ती पुस्तिकाच सांगते. जमीनदार ज्याप्रमाणें बेवारशी मालावर हक्क सांगतो, त्याप्रमाणें ठक भोळ्याच्या थैलीवर हक्क सांगतो! आज जगभर फसवणुकीला जो ‘चीट’ शब्द वापरतात, तो असा न्यायकचेरींतून जुगाराच्या अड्ड्यावर आलेला आहे.

चोरीचें शास्त्र बनविण्याची ही कल्पना मराठी श्रोत्यांना परकी वाटूं नये. ‘मृच्छकटिक’ नाटकांतला शर्विलक चारुदत्ताच्या घराला भोंक पाडतांना चौर्यशास्त्रांतील आचार्यांचें स्मरण करतो आणि भोंकाचा आकार कोणता असावा याचा शास्त्रोक्त विचार करतो. तेथें विनोद शास्त्राचा आहे. इंग्रजी पुस्तिकेंत तो कायद्याचा आहे. ज्या समाजाला ज्याचा धाक, त्याचें सोंग त्या समाजांतले चोर आणतात.

या प्रकारच्या गोष्टींना खरी लोकप्रियता मिळवून दिली ती रॉबर्ट ग्रीन या लेखकानें. १५५८ सालीं नॉर्विच येथें त्याचा जन्म झाला. केंब्रिज व ऑक्सफर्ड या दोन्ही विद्यापीठांच्या पदव्या त्यानें मिळविल्या, नाटकें लिहिलीं, प्रेमकथा लिहिल्या, आणि लेखणीवर पोट भरतां भरतां १५९२ सालीं, अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, तो दारिद्र्यांत मरण पावला. आयुष्याच्या शेवटच्या वर्ष-दीड वर्षांत त्यानें ठकांच्या कारवायांवर एकामागून एक पुस्तिका लिहिल्या. त्यांतील पहिली १५९१ सालीं निघाली. वॉकरच्या पुस्तिकेंतला पुष्कळ मजकूर त्यानें न सांगतां उचलला. परंतु गोष्ट रंगवून सांगण्याची हातोटी मात्र त्याची स्वतःची होती.

ग्रीननें आरंभींच ‘दुष्टपणाचे आठ लॉ’ नोंदवहीसारखे मांडले आहेत. राजरस्त्यावरची वाटमारी, वेश्याव्यवसाय, खोटे फासे, स्त्रीच्या मोहांत गुंतवून मग धाकदपटशानें पैसे उकळणें, पत्त्यांची फसवणूक, खोट्या सोन्याची फसवणूक, खिसे कापणें, आणि दारूच्या नशेचें सोंग आणून पत्त्यांत लुबाडणें, असे ते आठ. दुसऱ्या पुस्तिकेंत आणखी भर पडली. लांब काठीला आंकडा लावून खिडकींतून कपडे ओढणें हा ‘कर्बिंग लॉ’. घोडे चोरणें हा ‘प्रिगिंग लॉ’. दुकानांतून माल उचलणें हा ‘लिफ्टिंग लॉ’. प्रत्येक ‘लॉ’ची परिभाषा वेगळी आहे. खिसेकापूंच्या ‘लॉ’मध्यें थैली म्हणजे ‘बंग’, पैसे म्हणजे ‘शिंपले’. दुकानांतून उचललेला माल म्हणजे ‘कचरा’. वाटमारी करणारा तो ‘हाय लॉयर’, आणि लुटला जातो तो ‘मार्टिन’.

ग्रीनचा आवडता ‘लॉ’ मात्र पत्त्यांचा. त्यांत फसणाऱ्या माणसाला ‘कनी’ म्हणजे ससा म्हणत आणि फसविणाराला ससे धरणारा. हा ससा कोण? ग्रीन त्याचें वर्णन करतो तें असें : घरच्या सुताचा जाडाभरडा पण स्वच्छ कोट, कमरेला पिशवी, आणि चेहऱ्यावर शहर प्रथमच पाहत असल्याचें नवल. फ्लीट स्ट्रीटवर, स्ट्रॅंडवर किंवा सेंट पॉल चर्चच्या आसपास असा माणूस दिसला कीं पहिला ठक पुढें होतो, ओळख असल्याचा बहाणा करतो आणि बोलतां बोलतां त्याचें नांव, गांव, शेजारीपाजारी यांची माहिती काढून घेतो. ससा हातीं लागला नाहीं तर ती माहिती दुसऱ्या ठकाकडे जाते. पुढच्या वळणावर हा दुसरा त्याला नांवानें हाक मारतो आणि गांवाकडची खुशाली विचारतो. परक्या शहरांत आपलें नांव ऐकून ज्याचें मन विरघळणार नाहीं असा खेडूत विरळा! दोघे मिळून त्याला मद्यगृहांत नेतात, पेला पुढें करतात आणि पत्ते काढतात.

पण येथेंच ग्रीनची सूक्ष्म दृष्टि दिसते. ठक सशाला एकदम लुबाडीत नाहींत. पत्त्यांतली एक लबाडी ते त्याला शिकवितात, आणि तेवढ्यांत आंत आलेल्या तिसऱ्या, अनोळखी दिसणाऱ्या माणसाला फसविण्यांत त्यालाच भागीदार करून घेतात. ससा थोडासा जिंकतो, हंसतो, सोकावतो, आणि मग पिशवी सोडतो. तिसरा माणूसहि टोळींतलाच असतो हें त्याला कळतें तेव्हां पिशवी रिकामी झालेली असते. त्याच्या फजितींत त्याच्या स्वतःच्या लोभाचाहि वांटा असतो. म्हणून तो तक्रार करावयास धजत नाहीं.

आणि हा खेडूत लंडनला आला होता कशासाठीं? पुष्कळदां कोर्टाच्या कामासाठीं! वेस्टमिन्स्टर येथील राजाचीं न्यायालयें वर्षांतून चार सत्रांत चालत. तीं सुरू झालीं कीं देशाच्या कानाकोपऱ्यांतून जमिनीचे वाद घेऊन लोक शहरांत येत. वकिलाची फी, कागदांचा खर्च, मुक्कामाचा खर्च असे पैसे त्यांच्या कमरेला असत. खिसेकापूंची सुगीहि तेव्हांच, हें ग्रीन आवर्जून सांगतो. न्यायालयाच्या दालनांतली गर्दी हें त्यांचें शेत. म्हणजे जो शेतकरी एका ‘लॉ’च्या दारीं न्याय मागण्यास येई, तो दुसऱ्या ‘लॉ’च्या हातीं नागवला जाई. रॉबिन हूडच्या नियमांत नांगर धरणारा सर्वांआधीं सुरक्षित होता. लंडनच्या नव्या ‘लॉ’मध्यें सर्वांआधीं सांपडे तो तोच.

ही सर्व परिभाषा केवळ लेखकांनीं रचली होती काय? तसें म्हणवत नाहीं. १५८५ सालीं लंडनचा रेकॉर्डर, म्हणजे शहराचा न्यायाधिकारी, विल्यम फ्लीटवुड यानें लॉर्ड बर्ली या मंत्र्याला एक पत्र लिहिलें. बिलिंग्जगेटजवळच्या एका मद्यगृहांत वॉटन नांवाचा इसम खिसेकापूंची शाळा चालवीत असल्याचें त्यांत आहे. हा वॉटन जन्मानें सभ्य घराण्यांतला आणि पूर्वीं पत असलेला व्यापारी, पुढें दिवस फिरलेला. शाळेंत एक खिसा व एक थैली टांगलेली असे. त्यांना लहान लहान घंटा बांधलेल्या असत. घंटा न वाजवितां खिशांतला बिल्ला काढील तो ‘पब्लिक फॉइस्टर’, आणि थैलींतलें चांदीचें नाणें काढील तो ‘ज्युडिशियल निपर’, म्हणजे जणूं न्यायखात्याची सनद मिळालेला खिसेकापू! गोष्टीच्या पुस्तकांतला विनोद येथें सरकारी पत्रांत उतरलेला दिसतो.

‘लॉ’ शब्दाच्या या वापरांत टवाळीपेक्षां अधिक कांहीं होतें. वॉकरच्या पुस्तिकेंतला ठक आपलें समर्थन असें करतो कीं, कांहींतरी गुप्त युक्ति असल्यावांचून जगांत कोणीच श्रीमंत होत नाहीं. वकील केवळ खरेच खटले चालवितील तर त्यांच्या जमिनी वाढतील कशा? १५९२ सालीं ग्रीनला उत्तर म्हणून एक पुस्तिका निघाली. लेखकाचें टोपणनांव ‘कथ्बर्ट, ससे धरणारा’; आणि तो स्वतःला ‘व्हिटिंग्टन कॉलेजचा’ पदवीधर म्हणवितो. हें कॉलेज म्हणजे न्यूगेटचा तुरुंग, कारण व्हिटिंग्टन या जुन्या मेयरच्या देणगींतून त्याची नवी बांधणी झाली होती. कथ्बर्टचा सवाल असा : आम्हां गरीब ठकांवर पुस्तकें लिहितां, मग व्याजानें घरें गिळणारा सावकार, दळणांतून हिस्सा मारणारा चक्कीवाला, कापड मारणारा शिंपी, हे काय साधु आहेत? एवढ्यावर न थांबतां तो ग्रीनलाहि आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा करतो. एकच नाटक ग्रीननें एका मंडळीला २० नोबलला विकलें, आणि ती मंडळी दौऱ्यावर गेल्यावर तेंच दुसऱ्या मंडळीला पुन्हां तितक्याच किंमतीला विकलें, असा त्याचा आरोप आहे. प्रत्येक धंद्याला आपला ‘लॉ’ असतो आणि प्रत्येक ‘लॉ’मध्यें ससे धरण्याची सोय असते, हें त्याचें म्हणणें.

परंतु या गोष्टींची दुसरी बाजू करमणुकीची नाहीं. चोरांना ‘लॉ’ आहे म्हटलें कीं त्यांचें राज्य आहे, अधिकारी आहेत, शपथा आहेत असें वाचकाला वाटूं लागतें. विखुरलेले भुकेले लोक त्याच्या डोळ्यांपुढें सैन्यासारखे उभे राहतात. त्या काळच्या इंग्लंडांत भटक्यांची संख्या खरोखरच वाढली होती. लोकसंख्या वाढत होती, धान्य महागत होतें, आणि कित्येक ठिकाणीं शेतें मोडून मेंढ्यांचीं कुरणें केलीं जात होतीं. सर टॉमस मोर यानें १५१६ सालच्या ‘युटोपिया’ या कल्पितकथेंत हें दुखणें आधींच ओळखलें होतें. एकेका फांसावर वीस वीस चोर लटकत असूनहि चोऱ्या कां थांबत नाहींत, असा प्रश्न त्यांत येतो. आणि आधीं माणसांना चोर बनवावयाचें व मग त्यांना शिक्षा करावयाची, ही कसली नीति, असें त्याचें तात्पर्य आहे.

मोरचें हें म्हणणें राज्यकर्त्यांनीं मनावर घेतलें नाहीं. १५४७ च्या कायद्यानें काम न करणाऱ्या भटक्याच्या छातीवर तापल्या लोखंडानें खूण उमटवून त्याला दोन वर्षें गुलाम करण्याची तरतूद केली. ती इतकी अघोरी होती कीं १५५० सालीं रद्द करावी लागली. १५७२ च्या कायद्यानें चौदा वर्षांवरील भटक्याला फटके मारून त्याच्या उजव्या कानाची पाळी तापल्या लोखंडानें भोंसकण्याची शिक्षा सांगितली. तिसऱ्या अपराधाला देहान्त होता. चोरीचा माल १२ पेन्सांहून अधिक किंमतीचा असेल तर फांशी. बायबलांतील एक ओळ वाचून दाखविणाऱ्याला पहिल्या अपराधांत फांशीऐवजीं आंगठ्यावर डाग देऊन सोडण्याची एक जुनी सवलत होती. खिसेकापूंसाठीं ती १५६६ सालीं काढून घेण्यांत आली.

विसाव्या शतकांत संशोधकांनीं भटक्यांच्या अटकेच्या व तपासणीच्या नोंदी वाचल्या, तेव्हां गोष्टींतलीं चोरांचीं राज्यें त्यांत फारशीं सांपडलीं नाहींत. पकडले गेलेले बहुतेक लोक एकटे किंवा दोघे दोघे हिंडणारे होते; तरुण, नोकरी सुटलेले, कामाच्या शोधांत निघालेले. लंडनमध्यें खिसेकापूंच्या टोळ्या होत्या हें फ्लीटवुडच्या पत्रावरून मान्य करावें लागतें. पण त्या कांहीं टोळ्यांचा ‘लॉ’ गोष्टींनीं रस्त्यावरच्या प्रत्येक अनाथाच्या पदरीं बांधला. शिक्षा मात्र कल्पित राज्याला झाली नाहीं. ती ज्याला कान होता त्याच्या कानाला झाली.

१६०८ सालीं टॉमस डेकर यानें ‘लंडनचा घंटावाला’ या अर्थाच्या नांवाची पुस्तिका काढून ग्रीनचे सारे ‘लॉ’ पुन्हां वाचकांपुढें मांडले. तिलाहि भरपूर वाचक मिळाले. पुढें हळूहळू चोरीच्या धंद्याला ‘लॉ’ म्हणण्याची रीत बंद पडली, आणि तो शब्द न्यायालयांत परत गेला. मागें दोन खुणा राहिल्या आहेत. फसवणुकीला ‘चीट’ म्हणतात, आणि दुकानांतून माल उचलण्याला ‘शॉपलिफ्टिंग’ म्हणतात. शिकारींतल्या ‘लॉ’चा अर्थहि आतां कोशापुरताच उरला आहे. तरी त्या काळचा न्याय तोलावयाचा तर तोच अर्थ उपयोगी पडतो. एलिझाबेथच्या इंग्लंडांत रानांतल्या सशाला कुत्र्यांपुढें २४० वारांचा ‘लॉ’ मिळे. पिशवी हरवलेल्या शेतकऱ्याला मद्यगृहांत, आणि काम हरवलेल्या मजुराला रस्त्यावर, तेवढाहि मिळाला नाहीं.